आधी न्यूट्रल, मग मोबाईल

या वेळच्या पत्रांपैकी तीन पत्रं घरातले दिवे, पंखे आणि हवा आपोआप चालवण्याबद्दलची आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न बेळगावातल्या पुष्कळ जुन्या घरांचा आहे.

प्रश्न : काका, शहापुरात आमचं जुनं घर आहे. खाली दोन खोल्या, वर माडी आणि मागच्या बाजूला नंतर बांधलेली स्लॅबची खोली. घरी आई-बाबा दोघंच असतात, मी नोकरीसाठी पुण्यात असते. दिवाळीआधी वायरिंग नवं करायचं आहे. त्यातच दिवे, पंखे आणि एसी मोबाईलवरून चालतील अशी सोय होईल का? दुकानदारानं फार मोठा आकडा सांगितला आहे. आणि आईला मोबाईल फारसा जमत नाही. — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, वायरिंग नवं होणार आहे ही तुमची मोठीच सोय. नाहीतर अशा कामात पहिली अडचण येते ती बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, नसण्याची. आपल्याकडच्या जुन्या घरांत दिव्याचा न्यूट्रल वरच्या वर छतातून जातो. बोर्डात फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, उतरतो आणि बटणातून दिव्याकडे परत जातो. साध्या बटणाला तेवढं पुरतं. पण स्मार्ट मॉड्यूल म्हणजे मोबाईलचा हुकूम ऐकायला चोवीस तास जागं राहणारं छोटं यंत्र आहे. त्याला स्वतःला वीज लागते आणि त्यासाठी न्यूट्रल हवा. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट सोडत राहतात. मग कमी वॉटचे एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतात. म्हणून वायरमनला आजच सांगा : प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची काळी वायर उतरलीच पाहिजे आणि बोर्डाचा डबा खोल बसवायचा. आत्ता याचा खर्च किरकोळ आहे. प्लास्टर झाल्यावर मात्र भिंत फोडावी लागेल.

दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची आणि त्यांचे एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारे स्विच, वेगळे. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्याच. करंट कुठे गळला, माणसाला शॉक बसला, की तो लगेच वीज तोडतो. घरात वयस्कर माणसं असताना यात काटकसर करू नका. माझ्या लेखी तो कुठल्याही स्मार्ट वस्तूच्या आधी येतो.

आता आईंची गोष्ट. भिंतीवरचं बटण आज जसं चालतं तसंच उद्याही चाललं पाहिजे. म्हणून स्मार्ट बल्ब घेऊ नका. आईंनी सवयीनं बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते आणि मग तुमच्या मोबाईललाही तो सापडत नाही. त्यापेक्षा बटणाच्या मागे बसणारं मॉड्यूल घ्या. बटणही चालतं, मोबाईलही चालतो आणि बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा बल्ब लावता येतो. माडीच्या जिन्याला टू-वे बटणं असतील, तर टू-वे चालणारं मॉड्यूल मागा आणि जोडणी वायरमनकडून तुमच्यासमोर तपासून घ्या. खालून लावून वरून बंद करा, वरून लावून खालून बंद करा आणि मधेच मोबाईलवरूनही करून बघा.

पंख्याला दिव्याचं मॉड्यूल किंवा डिमर लावू नका. साध्या पंख्यासाठी कपॅसिटरनं वेग बदलणारं वेगळं मॉड्यूल असतं. नवेच पंखे घेणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या मोटरचे, घ्या. जुना पंखा ७०-८० वॉट घेतो, हा ३०-३५ मध्ये भागवतो. त्याच्या मार्गातला भिंतीवरचा रेग्युलेटर मात्र काढून टाकायचा, नाहीतर आतलं सर्किट जातं.

पुण्याहून तुम्हाला खरी काळजी रात्रीची असणार. खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर हालचाल ओळखणारा सेन्सर आणि पिवळसर मंद दिवा, ही या सगळ्या यादीतली मला सर्वांत मोलाची वस्तू वाटते. हा सेन्सर अंगाची ऊब हलली की ओळखतो. म्हणून तो उन्हाच्या खिडकीसमोर किंवा एसीच्या झोतात नको, तो काचेपलीकडचंही पाहत नाही. गुडघ्याच्या उंचीवर लावला तर माणूस पलंगावरून पाय खाली टेकवतानाच दिवा लागतो.

एसीचं शेवटी लिहितोय, कारण मी तो शेवटीच घ्यायला सांगेन. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा पस्तिशीवर जातो, पण संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो आणि रात्र गार होते. तुमच्या मागच्या खोलीत उकडतं ते स्लॅबमुळे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि बाहेर गारवा असताना माणूस आत घामाघूम होतो. अशा खोलीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवा. एक तापमानाचा सेन्सर खोलीत ठेवा, दुसरा बाहेर सावलीत आणि पावसापासून आडोशाला. नियम एवढाच : बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा दोन अंशांनी कमी झालं की एक्झॉस्ट चालू, फरक मिटला की बंद. समोरची खिडकी जाळी लावून उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो. स्लॅबवर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिलात तर आणखी फरक पडेल.

तरीही एसी घेतलातच, तर त्याची वीज मॉड्यूलनं तोडू-जोडू नका. कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. रिमोटसारखे इशारे पाठवणारा आयआर ब्लास्टर मिळतो, तो वापरा. त्याची एक मर्यादा आहे. तो इशारा पाठवतो, पण एसी खरंच चालू झाला की नाही हे त्याला कळत नाही. खोलीतला तापमानाचा सेन्सरच तुम्हाला ते पुण्यात बसून सांगेल.

दुकानदाराला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा : राउटरची इंटरनेटची वायर काढायची आणि मग मोबाईलवरून दुकानातला दिवा लावायचा. लागला, तर त्या वस्तूचा मेंदू घरात आहे. नाही लागला, तर तो कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर आहे आणि कंपनीनं ती सेवा थांबवली की वस्तूला अर्थ उरत नाही. झिगबी या बिनतारी पद्धतीवर चालणारी, किंवा २०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या सामाईक पद्धतीची उपकरणं घेतलीत तर एकाच कंपनीला बांधून राहावं लागत नाही. वाय-फायची घेणार असाल तर त्यातली बहुतेक वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात, राउटरमध्ये तो चालू ठेवा.

आणि सगळं घर एकदम करू नका. वायरिंग आणि न्यूट्रल पूर्ण घराचं, मॉड्यूल मात्र आधी बाथरूमची वाट, जिना आणि आई-बाबांची खोली एवढ्यालाच. बाकीचं संक्रांतीनंतर बघा.

प्रश्न : आमचं घर जांबोटीजवळ आहे. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. दमटपणा मोजून पंखा आपोआप लागेल असं केलं, पण पंखा दिवसभर चालतो आणि आकडा उतरतच नाही. शिवाय लाईट जाऊन आली की रात्री-अपरात्री दिवे आपोआप लागतात. — खानापूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : दादा, पंखा काम करतोय, पण तो आणतोय तीही ओलीच हवा. आषाढात तुमच्याकडे बाहेर धुकं आणि पाऊस असताना एक्झॉस्टनं घर कोरडं होणार नाही. टक्केवारीवर नियम लावलात तिथे गणित चुकतं. गार हवेतले ९० टक्के आणि उबदार हवेतले ९० टक्के यांत पाणी सारखं नसतं. तापमान आणि टक्केवारी मिळून दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, निघतो, तो बघायचा. होम असिस्टंट नावाची मोफत प्रणाली छोट्या संगणकावर घरातच चालते आणि तिच्यात दवबिंदू काढता येतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच पंखा लावा. तुमच्याकडे जुलैत असे तास थोडेच मिळतील.

म्हणून सगळं घर सुकवायचा नाद सोडा. कपाटं एका खोलीत आणा, खोलीची दारं-खिडक्या लावा आणि तिथे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, ६० टक्क्यांवर ठेवा. पाण्याची नळी थेट बाहेर काढा, नाहीतर टाकी भरली की यंत्र बंद पडतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तरी मागची बुरशी कमी होते.

दिव्यांचं सोपं आहे. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं हे ठरवता येतं, तिथे ‘बंद’ निवडा. राउटर आणि हब (मॉड्यूलना राउटरशी जोडणारा डबा) यांना बॅटरीवर चालू ठेवणारा छोटा यूपीएस द्या, म्हणजे लाईट आल्यावर सगळी घडी पुन्हा बसायला वेळ जात नाही. वळिवाच्या विजांसाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्शनचं, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत सोडणारं, उपकरण हवंच. पण अर्थिंग चांगलं नसेल तर ते असून नसल्यासारखं. जांभ्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी घाला आणि वळीव सुरू व्हायच्या आधी अर्थिंग मोजून घ्या.

प्रश्न : स्मार्ट उपकरणं लावली तर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतल्या मोफत विजेचा लाभ जाईल का? — निपाणीहून एक वाचक

उत्तर : मॉड्यूलमुळे जाणार नाही. एक मॉड्यूल फार तर एक वॉट घेतं, म्हणजे दहा मॉड्यूलचे महिन्याला सात युनिटच्या आसपास. धोका एसीचा आहे. दीड टनाचा एसी रोज सहा तास चालवला तर महिन्याला दीडशे युनिट सहज होतात. गृहज्योतीत तुमच्या जुन्या सरासरीवरून हक्काचे युनिट ठरलेले आहेत. त्यावर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे आणि महिन्यात २०० ओलांडले तर पूर्ण बिल भरावं लागतं. मीटरजवळ युनिट मोजणारं एक उपकरण बसवून घ्या आणि १६० झाले की मोबाईलवर सूचना येईल असं लावा. एसी २६ अंशांवर ठेवून वर पंखा चालवलात तर बहुतेक रात्री तेवढं पुरतं. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, रीडिंगची तारीख दर महिन्याला बिलावर बघा आणि मोजणी त्याच दिवसापासून सुरू करा. एक तारखेपासून मोजलंत तर आकडे जुळणार नाहीत.