होमेज जीएमटी घड्याळ म्हणजे डुप्लिकेटच का? चाळीस हजारांत कोणतं घ्यावं?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. रोलेक्सचं लाल-निळ्या बेझेलचं, म्हणजे डायलभोवतीच्या फिरत्या कड्याचं, जीएमटी-मास्टर तुमच्या मनात भरलंय, पण बजेट चाळीस हजारांचं आहे. भाऊ टोरांटोला असतो, त्यामुळे तिकडची वेळ मनगटावर दिसावी अशी इच्छा आहे. आणि मित्र म्हणतो की होमेज, म्हणजे नामांकित घड्याळाच्या रूपावर बेतलेलं दुसऱ्या कंपनीचं घड्याळ, घेणं म्हणजे डुप्लिकेट घालून मिरवणं. मित्राचं म्हणणं दोन परिच्छेदांत निकालात काढतो. भावाच्या वेळेवर मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्याकडे जीएमटी, म्हणजे दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा असलेलं घड्याळ, घेताना फसगत होते ती तिथेच.

मी रत्नागिरीचा. अकरा वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सेकंड ऑफिसर, म्हणजे रात्री बारा ते चार ब्रिजवर, जहाज हाकायच्या खोलीत. जहाजाची घड्याळं जहाजाच्या वेळेवर चालतात, रेडिओ लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, भरायचा असतो आणि घरी फोन करायचा तर भारतात किती वाजलेत ते डोक्यात असावं लागतं. त्यामुळे चौथा काटा माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे. आजवर तीन जीएमटी वापरून झाली, तिन्ही परवडणारी.

आता मित्राचा मुद्दा. डायलवर दुसऱ्या कंपनीचं नाव आणि मुकुटाचं चिन्ह छापून विकतात, ज्याला बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, ते बनावट. ते घेऊ नका. ट्रेडमार्कची ती उघड चोरी आहे, आत कोणतं मशीन बसवलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि बिघडलं तर कोणी वाली नाही. होमेज आपल्या स्वतःच्या नावाने विकलं जातं. रूप ओळखीचं असतं, पण डायलवर ज्याचं नाव, जबाबदारीही त्याचीच. त्यात फसवणूक कुणाची होते? विकणारा खोटं बोलत नाही आणि घालणाराही बोलत नाही.

शिवाय हे रूप कामातून आलंय. १९५५ मध्ये रोलेक्सने पहिलं जीएमटी-मास्टर आणलं ते पॅन अॅम या विमान कंपनीच्या वैमानिकांची गरज ओळखून. चोवीस तासांत एक फेरी मारणारा काटा, बाहेर चोवीस तासांचं फिरणारं बेझेल आणि दिवस-रात्र चटकन कळावी म्हणून दोन रंग. पेप्सी हे टोपणनाव नंतर रंगांवरून पडलं. त्या पहिल्या घड्याळातला एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या उपयोगाचा आहे: त्यातला चोवीस तासांचा काटा स्वतंत्रपणे हलवता येत नसे. तो तासकाट्याशी जखडलेला होता. दुसऱ्या देशाची वेळ बघायची तर बेझेल फिरवायचं, दुसरा मार्गच नव्हता. तासकाटा स्वतंत्र झाला तो १९८० च्या दशकात आलेल्या जीएमटी-मास्टर टू मध्ये.

आता खरी अडचण. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे आणि बहुतेक जग पूर्ण तासांवर चालतं. टोरांटो उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. दुबई दीड तास, लंडन साडेचार किंवा साडेपाच. आणि जीएमटी काटा लावताना तर एकेक तासानेच उडी मारतो. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेत, टोरांटोत उन्हाळ्याचे बरोबर सकाळचे अकरा. तुमच्या घड्याळात मिनिटकाटा साडेवर असल्यामुळे जीएमटी काटाही कुठल्या तरी साडेवरच उभा राहणार, साडेदहावर किंवा साडेअकरावर. अकरावर तो येऊच शकत नाही. दुकानातला माणूस हे सांगत नाही, कारण बहुधा त्याने कधी लावून पाहिलेलं नसतं. यूट्यूबवरचे परदेशी परीक्षक सांगत नाहीत, कारण त्यांना हा प्रश्न पडतच नाही.

उपाय बेझेलमध्ये आहे. अर्धा तास बेझेलने भरून काढायचा. आणि इथेच स्वस्त-महाग हा हिशेब उलटापालटा होतो. रोलेक्स जीएमटी-मास्टर टू चं बेझेल २४ क्लिकचं आहे, एक क्लिक म्हणजे एक तास. अर्ध्यावर ते थांबत नाही. दहा लाखांच्या घरातलं घड्याळ, पण पुण्यात बसून टोरांटोची वेळ दाखवताना अर्धा तास तुम्हालाच मनात मिळवावा लागणार. ट्यूडर ब्लॅक बे जीएमटीचं ४८ क्लिकचं आहे, त्यात अर्धा तास अचूक बसतो. बऱ्याच स्वस्त घड्याळांत डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांच्या, घड्याळाचंच १२० क्लिकचं बेझेल वापरलेलं असतं. चोवीस तासांच्या मापात त्याची एक क्लिक बारा मिनिटांची होते, म्हणजे अर्ध्या तासाला अडीच क्लिक. जवळपास जमतं, पण नेमकं नाही. आणि सेइको ५ स्पोर्ट्सच्या जीएमटीला क्लिकच नाहीत. बेझेल दोन्ही बाजूंना नुसतं घर्षणावर फिरतं, हवं तिथे ठेवा. परदेशी लोक याला उणीव मानतात. टकटक आवाज नाही, हाताला मजा येत नाही, असं म्हणतात. साडेपाच तासांच्या देशातल्या माणसासाठी ते वरदान आहे. मी तरी तसंच मानतो.

घेताना आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती मला पैसे घालवून कळली. माझं पहिलं जीएमटी परदेशातल्या एका बंदरातल्या दुकानातून घेतलेलं, लाल-निळं, दिसायला देखणं. कंपनीचं नाव घेत नाही. बेझेल २४ क्लिकचं होतं, आणि जीएमटी काटा कायम खुणेच्या थोडा पुढे उभा राहायचा, दहा-बारा मिनिटांनी. रात्रीच्या पाळीला लाल दिव्याखाली लॉग भरताना दोनदा चुकीचा तास वाचला. सुट्टीवर आलो तेव्हा आमच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून मशीन पाहिलं, मग झाकण बंद करून घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि चावी एकेक टप्प्याने फिरवत गेले. प्रत्येक टप्प्याला काटा खुणेच्या तेवढाच पुढे. म्हणाले, "मशीन ठीक आहे हो, काटा बसवणाऱ्याचा हात चुकलाय." काटा काढून पुन्हा बसवून दिला. तेव्हापासून कुठलंही जीएमटी घेताना मी मिनिटकाटा बरोबर बारावर आणतो आणि जीएमटी काटा आकड्याच्या मधोमध येतो का ते बघतो. दुकानात पाच मिनिटं लागतात, लाजू नका. ऑनलाइन घेत असाल तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत तपासा.

मशीनबद्दल थोडक्यात. दोन जाती आहेत. एकीत घरची वेळ तशीच ठेवून जीएमटी काटा एकेक तासाने हलवता येतो; इंग्रजीत त्याला 'कॉलर' म्हणतात, घरी बसून परगावी फोन करणाऱ्याचं. सेइकोचं ४आर३४ आणि त्याच घराण्यातलं, इतर कंपन्यांना विकलं जाणारं एनएच३४, ही दोन्ही त्या जातीची. दुसऱ्या जातीत तासकाटाच उड्या मारतो आणि जीएमटी काटा जागेवर राहतो, ते 'फ्लायर', प्रवाशाचं. परवडणाऱ्या किमतीत हे शक्य झालं ते मियोटा या जपानी कंपनीच्या ९०७५ मशीनमुळे, जे २०२२ च्या सुमारास बाजारात आलं. जहाजावर मला फ्लायर सोन्यासारखं वाटतं. पश्चिमेला जाताना काही रात्रींनी घड्याळ एक तास मागे घ्यायचं असतं. चावी ओढली, एक टिचकी, झालं. मिनिटं हलत नाहीत, यूटीसीचा काटा हलत नाही. पण न्हावा-शेवाहून निघताना जहाज भारतीय वेळेवर असेल तर आधी अर्धा तास मागे घ्यावा लागतो, आणि तिथे फ्लायरचंही काही चालत नाही. मिनिटकाटाच फिरवावा लागतो.

तुम्ही भारतात राहणार, भाऊ टोरांटोला. तुम्हाला कॉलर पुरेसं आहे. फ्लायरसाठी जास्तीचे पैसे घालू नका.

मग कोणतं? चाळीस हजारांत माझं मत सेइको ५ स्पोर्ट्स जीएमटीला. २०२२ मध्ये तीन रंगांत आलं: एसएसके००१ काळं, एसएसके००३ निळं-काळं, एसएसके००५ नारिंगी डायलचं. माझ्याकडे निळं आहे. याला होमेज म्हणणंही पूर्ण बरोबर नाही, कारण त्याचं केस सेइकोच्याच १९९६ सालच्या एसकेएक्स डायव्हरवरून आलंय. म्हणजे तुमच्या मित्राचं तोंडही बंद. व्यास ४२.५ मिलिमीटर, पण लग ते लग, म्हणजे पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, ४६, त्यामुळे बारीक मनगटावरही बाहेर लोंबत नाही. चावीने भरता येतं, सेकंदकाटा थांबवून वेळ लावता येते. उणिवाही सांगतो. काच सहज ओरखडे न पडणारी सफायर नाही, सेइकोची हार्डलेक्स आहे. माझ्या काचेवर कंटेनर बांधायच्या लॅशिंग रॉडचा एक ओरखडा कायमचा बसलाय. चावी स्क्रूसारखी आवळून बंद होणारी नाही. १०० मीटरचं आहे, समुद्रात पोहायला चालतं, पण त्याच्या डायव्हरसारख्या दिसण्यावर जाऊन स्कुबाला नेऊ नका. जीएमटी बेझेलवर बुडी किती मिनिटं झाली ते मोजताच येत नाही. कंपनी दिवसाला +४५ ते -३५ सेकंदांची मुभा घेते. माझं आठ-नऊ सेकंद पुढे जातं. रविवारी लावून घेतो.

लाल-निळंच हवं असेल, त्याशिवाय मन मानत नसेल, तर एनएच३४ मशीनचं सॅन मार्टिनसारख्या चिनी कंपनीचं बघा. सफायर काच, सिरॅमिक बेझेल, पोलादाचं काम आश्चर्य वाटावं इतकं नीट, आणि चाळीस हजारांच्या बरंच आत. मात्र कस्टम ड्युटी धरून हिशेब करा, आणि दुरुस्तीसाठी परत पाठवण्याची आशा ठेवू नका. त्यात दिलासा एवढाच की एनएच मशीन कुठल्याही बऱ्या घड्याळजीला ओळखीचं असतं. जर्मनीच्या स्टाइनहार्टचं ओशन वन जीएमटी स्विस मशीनचं आहे, आमच्या चीफ इंजिनिअरकडे आहे, सुंदर आहे. पण ड्युटी धरली तर ते तुमच्या बजेटबाहेर जाईल. टाइमेक्सचं लाल-निळं क्यू रीइश्यू स्वस्तात दिसेल आणि मोह होईल. बॅटरीवर चालणारं आहे, छान आहे, पण त्या १९७९ वाल्याला चौथा काटाच नाही. क्यू जीएमटी हे वेगळं मॉडेल आहे. पैसे भरण्यापूर्वी फोटोत काटे मोजा.

कोणतंही घेतलंत तरी वर्णनात एक वाक्य शोधा: बेझेलला किती क्लिक? लिहिलेलं नसेल तर विचारा. २४ असं उत्तर आलं तर सोडून द्या. ४८ असेल किंवा क्लिक नसतील तर घ्या. १२० असेल तर सहा मिनिटं इकडेतिकडे चालतात का ते तुमचं तुम्ही बघा.

सेइको घेतलंत तर जीएमटी काट्यावर टोरांटो लावू नका. तो काटाही भारतीय वेळेवरच ठेवा, म्हणजे रात्री साडेआठला तो वीसच्या थोडा पुढे, साडेवीसवर असेल. मग बेझेल घड्याळाच्या दिशेने फिरवा, त्यावरचा त्रिकोण डायलवरच्या तेविसाव्या आणि चोविसाव्या मिनिटाच्या मध्ये येईपर्यंत. आता काट्यासमोर बेझेलवर अकराची जागा येईल. तीच भावाची वेळ. एकदा लावलं की काट्याला हात लावायची गरज नाही, चावी ओढायची गरज नाही, पॅन अॅमचे वैमानिक १९५५ मध्ये करत होते तेच हे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरांटोतली घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवशी त्रिकोण सव्वीस मिनिटांच्या खुणेच्या किंचित पुढे सरकवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत तेवीस-चोवीसच्या मध्ये आणा.