‘वर्षभराने परत घेऊ’ हे आधी लेखी मागा

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१७ सालचा माझाच अर्ज कोणीतरी पुन्हा समोर ठेवला आहे असे वाटले. बाळ पाच महिन्यांचे आहे, प्रसूती रजा पुढच्या महिन्यात संपते, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि कंपनीतून फोनवर सांगितले आहे की ‘आत्ता राजीनामा द्या, वर्षभराने परत घेऊ’. मी वकील नाही आणि पीएफचे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे मी सांगते त्यातली प्रत्येक अट आजच्या तारखेला तपासून घ्या. मला फक्त माझ्या चुकीबद्दल लिहायचे आहे.

चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होते. माझी रजा २७ जानेवारी २०१७ ला सुरू झाली आणि मुलगी फेब्रुवारीत झाली. तेव्हा रजा बारा आठवड्यांची होती, म्हणजे ती २० एप्रिलला संपणार होती. मधल्या काळात १ एप्रिलपासून प्रसूती लाभ कायद्यातली दुरुस्ती लागू होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, म्हणून १७ एप्रिलला मी एचआरला फोन करून विचारले. पलीकडून उत्तर आले, ‘मॅडम, तुमची डिलिव्हरी फेब्रुवारीतली आहे, नवा नियम तुम्हाला लागू होत नाही.’ मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. सव्वादोन महिन्यांचे बाळ घेणारे पाळणाघर मिळत नव्हते आणि आई गावी वडिलांच्या आजारपणात अडकली होती. १९ तारखेला मी राजीनामा दिला.

दोन वर्षांनी नणंदेशी बोलताना कळले की तिची प्रसूती मार्चमधली असूनही तिला सप्टेंबरपर्यंत पगारी रजा मिळाली होती. १ एप्रिलला ज्या स्त्रिया आधीच रजेवर होत्या त्यांनाही वाढीव रजा मिळेल, असा खुलासा केंद्रीय श्रम मंत्रालयाने १२ एप्रिललाच केला होता. मी फोन केला त्याच्या पाच दिवस आधी! माझी रजा २७ जुलैपर्यंत होती. तोपर्यंत मुलगी साडेपाच महिन्यांची झाली असती आणि आईही परत आली असती. त्या माणसाला खुलासा ठाऊक नव्हता की सांगायचा नव्हता, हे मला आजही कळलेले नाही. मात्र तोच प्रश्न मी दोन ओळींच्या ईमेलने विचारला असता, तर ‘लागू होत नाही’ असे स्वतःच्या नावाखाली लिहून देण्याआधी कोणीतरी नियम उघडून पाहिला असता, एवढे मला नक्की वाटते.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. हिशेब पूर्ण करायला गेले तेव्हा पीएफचा अर्ज भरून तयार होता आणि त्यात पेन्शनची रक्कम काढण्याच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केलेली होती. ‘सगळे एकदम मोकळे होईल,’ असे सांगण्यात आले आणि मी सही केली. त्या पैशांतून कपडे धुण्याचे यंत्र आले आणि घराचे दोन हप्ते गेले. पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि माझी सहा वर्षे दहा महिने झाली होती. रक्कम न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद राखणारे प्रमाणपत्र घेतले असते, तर ती सेवा पुढच्या नोकरीला जोडता आली असती. ती काढून टाकल्यामुळे २०२१ मध्ये पुन्हा रुजू होताना मी नवी सभासद ठरले आणि १ सप्टेंबर २०१४ नंतरच्या नव्या सभासदाचे पीएफयोग्य वेतन (ज्यावर पीएफ कापतात ते) महिना १५,००० रुपयांहून जास्त असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. मालकाचा सगळा हिस्सा आता पीएफमध्ये जातो, म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण पेन्शनचा दरवाजा बंद झाला.

पगाराचे सांगायचे तर २०१७ मध्ये मला ३४,००० मिळत होते. २०२१ मध्ये मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘शेवटचा पगार किती?’ हा आला आणि ३६,००० वर बोळवण झाली. माझ्याबरोबर २०१० मध्ये लागलेल्या सहकाऱ्याला २०२१ मध्ये ६१,००० होते. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत होत असल्यामुळे हे अंतर दरवर्षी रुंदावत जाते. डेन्मार्कमध्ये पगारी रजाही आहे आणि सरकारी मदतीची पाळणाघरेही आहेत. तरी अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेव्हेन आणि सहकाऱ्यांच्या तिथल्या अभ्यासात पहिल्या मुलापर्यंत स्त्री-पुरुषांची कमाई बरोबरीने चालते आणि त्यानंतर स्त्रियांची सुमारे २० टक्क्यांनी मागे पडून तशीच राहते. तेव्हा ‘एका वर्षाचाच तर पगार जाईल’ असे कोणी म्हणाले, तर त्याला आकडेमोड करायला सांगा.

माझे मत एकांगी वाटेल, पण राजीनामा देऊ नका, बिनपगारी रजा मागा. तीन महिन्यांची मिळाली तरी सेवा अखंड राहते. अर्जात घरून काम करण्याचीही विनंती करा. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर मालकाच्या संमतीने ते करण्याची तरतूद कायद्यात आहे. तुमच्याकडे शंभराच्या वर माणसे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते, त्यामुळे ते कुठे आहे हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. फोनवर उत्तर आले तर ‘आज आपले असे बोलणे झाले’ असे लिहून त्यांनाच पाठवा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

एवढे करूनही राजीनामा द्यावाच लागला, तर पेन्शनच्या चौकटीत खूण करू नका, मग ती आधीच पेन्सिलने केलेली असली तरी.