चेंबर ऑफ कॉमर्स नेमकं करतं काय? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात चेंबर ऑफ कॉमर्सवर, म्हणजे एका भागातल्या सगळ्या धंद्यांच्या मिळून असलेल्या संघटनेवर, दोनच ओळी लिहिल्या होत्या, पण त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न: आमचं दहा माणसांचं फॅब्रिकेशन युनिट आहे. तीन वर्षं चेंबरची वर्गणी भरतोय. वर्षातून एक मेळावा, सत्कार, ग्रुप फोटो, बस्स. हे पैसे वाया चाललेत का? आणि ‘प्रादेशिक विकासात चेंबरचा वाटा’ असं भाषणात म्हणतात, तो वाटा म्हणजे नक्की कुठला?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे. सत्कार आणि फोटो हे चेंबरचं काम नाहीच. खरं काम म्हणजे सगळ्यांच्या सुट्या सुट्या अडचणींची मोट बांधायची आणि ती आकड्यांसकट जिथे निर्णय होतो त्या टेबलावर नेऊन ठेवायची.

एक साधं उदाहरण घ्या. तुमच्या युनिटची लाईट दुपारी जाते, तुम्ही वीज ऑफिसला फोन करता, पलीकडून सांगतात फॉल्ट आहे, माणूस पाठवलाय, आणि विषय संपतो. शेजारचाही तेच करतो, त्याच्या पलीकडचाही तेच, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच नशीब खोटं. आता चेंबरनं चाळीस युनिटांना एकेक वही दिली आणि सांगितलं, महिनाभर फक्त एवढंच लिहा: लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, त्या वेळी मशीनवर कुठला जॉब होता आणि त्यातला किती स्क्रॅप झाला. महिन्याच्या शेवटी चाळीस वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं, अरे, एकाच फीडरवरच्या, म्हणजे सबस्टेशनहून येणाऱ्या एकाच वीजवाहिनीवरच्या सगळ्यांची लाईट एकाच वेळी जातेय, आणि ती सुद्धा सगळी मशीन चालू असतात तेव्हाच. मग ही नुसती तक्रार राहत नाही. इंजिनिअरला तिथल्या तिथे कळतं की फीडरवर लोड जास्त झालाय, त्याला वरिष्ठांकडे नवीन ट्रान्सफॉर्मर मागायला हातात कागद मिळतो, आणि एकेकट्यानं दहा वर्षं फोन करून जे हललं नाही ते हलायची शक्यता तयार होते.

मला विचाराल तर त्या चाळीस वह्या म्हणजेच प्रादेशिक विकास. कारण बाहेरून नवीन उद्योग येताना आधी वीज बघतो, रस्ता बघतो, कामाला माणसं मिळतील का बघतो, आणि या तिन्हीची खरी स्थिती रोज अनुभवणाऱ्यांनाच माहीत असते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना, तसं.

तेव्हा वर्गणी बंद करण्याआधी चेंबरला एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षभरात कुठल्या ऑफिसला कुठली निवेदनं दिली आणि त्यांची उत्तरं काय आली? ती फाईल दाखवली तर पैसे सत्कारणी लागतायत, आणि फाईलच नसेल तर तुमची शंका खरी आहे.

प्रश्न: रस्ता, पाणी, बंदर हे सरकारचं काम. व्यापाऱ्यांनी त्यात का पडावं?

उत्तर: खर्च सरकारनंच करायचा असतो, पण अडतंय कुठे हे सांगणारं कुणीतरी लागतंच, आणि ही गरज फार जुनी आहे. जगातलं पहिलं चेंबर ऑफ कॉमर्स फ्रान्सच्या मार्सेय बंदरात १५९९ साली सुरू झालं असं मानतात. तिथल्या व्यापाऱ्यांची जहाजं भूमध्य समुद्रात चाचे लुटायचे आणि एकेकट्या व्यापाऱ्याला त्याचा बंदोबस्त करणं शक्यच नव्हतं, मग आपापसात स्पर्धा करणारी माणसं एका टेबलावर बसली. पुढे ग्लासगोला १७८३ साली, मुंबईला १८३६ साली अशी चेंबर निघत गेली. फ्रान्समध्ये तर ही संस्था कायद्यानंच सार्वजनिक आहे, तिथल्या चेंबरनी बंदरं आणि विमानतळ सुद्धा चालवलेत.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चेंबर बोलतं ते धंदा करणाऱ्यांच्या वतीनं. कामगार, शेतकरी, तिथे राहणारी कुटुंबं यांचं म्हणणं वेगळं असू शकतं. कारखान्याला पाणी हवं असतं तेव्हा शेतालाही हवं असतं. म्हणून ‘आपल्या भागाला अमुक पाहिजे’ असं चेंबर म्हणालं की त्यात कोणाकोणाला विचारलंय हे बघायचं. चांगलं चेंबर बाकीच्यांना स्वतःहून बोलावतं, कारण सगळ्यांनी मिळून केलेली मागणी नाकारणं कुणालाही जड जातं.

प्रश्न: चेंबर आणि आमची प्लास्टिकवाल्यांची असोसिएशन, फरक काय?

उत्तर: असोसिएशन एका धंद्याची, चेंबर एका भागाचं. प्लास्टिकवरचा कर हा असोसिएशनचा विषय, आणि ज्या रस्त्यावरून प्लास्टिकवाला, औषधवाला, ट्रान्सपोर्टवाला सगळेच जातात तो रस्ता चेंबरचा विषय. दोन्हीकडे असावं.

प्रश्न: बाहेरच्या काही देशांत मेंबरशिप सक्तीची असते म्हणे. आणि आमच्याकडे कोर्स केलेली मुलं येतात पण मशीनवर उभी राहिली की काहीच जमत नाही, यात चेंबर काही करू शकतं का?

उत्तर: दोन्ही प्रश्नांचं उत्तर जर्मनीत सापडतं म्हणून एकत्र घेतो. तिथे १९५६ च्या कायद्यानं बहुतेक सगळ्या उद्योग-व्यापाराला आपल्या भागातल्या चेंबरचं सदस्य व्हावंच लागतं. याविरुद्ध लोक कोर्टात गेले होते, पण तिथल्या घटना न्यायालयानं २०१७ साली ही सक्ती योग्य ठरवली. ब्रिटन आणि अमेरिकेत उलट आहे, पटलं तर व्हा नाहीतर राहिलं. सक्तीमुळे चेंबरला पैसा आणि अधिकार मिळतो आणि छोट्यातला छोटा दुकानदार सुद्धा मोजला जातो, पण लोक नाइलाजानं पैसे भरतात. ऐच्छिक असलं की चेंबरला दरवर्षी काम करून दाखवावं लागतं, पण मग जे वर्गणी देऊ शकत नाहीत त्यांचं म्हणणं यादीतच येत नाही.

जर्मनीतलं मला मनापासून आवडतं ते ट्रेनिंग. मुलगा किंवा मुलगी आठवड्यातले काही दिवस कंपनीत शिकते आणि बाकीचे शाळेत, आणि शेवटची परीक्षा चेंबर घेतं. परीक्षकांत त्या धंद्यातली माणसं असतात, त्यामुळे सर्टिफिकेटवर जे लिहिलंय ते त्या मुलीला खरंच येतं यावर मालकाचा विश्वास बसतो. असा कायदा नसला तरी कुठल्याही चेंबरला अर्धं काम उद्या सुरू करता येईल: वीस युनिटांना विचारायचं की पुढच्या दोन वर्षांत किती वेल्डर लागतील, किती इलेक्ट्रिशियन, कुठल्या मशीनवर, आणि ती यादी घेऊन जवळच्या ट्रेनिंग संस्थेत जायचं. संस्थेला कुणी सांगितलंच नाही तर ती जुनाच अभ्यासक्रम शिकवत राहणार, त्यात मुलांचा काय दोष?

पॅरिसच्या चेंबरनं तर १८८१ साली स्वतःचं मॅनेजमेंट कॉलेजच काढलं, तेच आज जगभर एचईसी या नावानं ओळखतात.

प्रश्न: पहिल्यांदा माल बाहेर पाठवतोय. चेंबरमधून ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ आणा म्हणून सांगितलं. हा नुसता शिक्का असतो का?

उत्तर: शिक्का दिसतो, पण त्यामागे तपासणी असते. माल कुठल्या देशात तयार झाला याचा हा दाखला, पलीकडचं कस्टम त्यावरून ड्युटी आणि नियम ठरवतं. चेंबरमधला माणूस इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि अर्ज समोर ठेवून एकेक ओळ बघतो. इन्व्हॉइसवर १२० कार्टन आणि पॅकिंग लिस्टवर चुकून १२, एवढ्यावरून माल बंदरात अडकतो आणि दिवसाचं भाडं चढत जातं, म्हणून त्यानं कागद परत केला तर वैतागू नका. प्रदर्शनासाठी सॅम्पल नेऊन परत आणायचे असतील तर ‘एटीए कार्नेट’ हे वेगळं कागदपत्र आहे, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेलं. ते सुद्धा ठरावीक चेंबरच देतात आणि बहुतेक वेळा एक वर्ष चालतं, ते स्वीकारणाऱ्या देशांत सॅम्पलवर ड्युटी भरावी लागत नाही. छोट्या उद्योगांना हे माहीतच नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: माझा पॅकेजिंगचा छोटा व्यवसाय आहे. चेंबरच्या मीटिंगला गेले तर पुढच्या रांगेत वर्षानुवर्षं तेच चेहरे, आम्हाला कुणी विचारत नाही. जाणं सोडून द्यावं का?

उत्तर: ताई, सोडू नका. हीच तक्रार सगळ्यात जास्त पत्रांत आहे आणि ती फक्त मानपानाची नाही. मोठ्या कंपनीचा माल ट्रेलरनं जातो, तिला रस्ता रुंद करून हवाय, आणि तुमच्या कामावरच्या बायकांना संध्याकाळी सातला बस हवीय. मीटिंगमध्ये तुम्ही नसलात तर निवेदनात रस्ता येतो आणि बस येत नाही, मग त्या बायका काम सोडतात आणि तुमच्यासकट सगळ्या छोट्या युनिटांना माणसं मिळेनाशी होतात.

आधी चेंबरची घटना मागून घ्या आणि वाचा. पदाची मुदत किती, मत प्रत्येक सदस्याला एक आहे की वर्गणीवर अवलंबून, हे त्यात असतं. मग तुमच्यासारखे आठ-दहा जण शोधा, ते असतातच, मागच्या रांगेत गप्प बसलेले असतात. वाहतूक किंवा कौशल्य अशा एखाद्या उपसमितीत नाव द्या, तिथे काम करणारी माणसं नेहमीच कमी पडतात त्यामुळे सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि वार्षिक सभेच्या आधी बसचा प्रश्न लेखी द्या, किती बायका, कुठून येतात, किती वाजता सुटतात हे आकडे लिहून, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन, आणि पोच घ्यायला विसरू नका. सभेत तो विषय निघाला की इतिवृत्तात नोंद झाली का ते सेक्रेटरींना तिथेच विचारा. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचतील तेव्हा त्या बसचं काय झालं हे त्यांना सांगावं लागेल.