रिपॉटिंगनंतर (कुंडी बदलल्यावर) फॅलेनॉप्सिस ऑर्किडची मुळं काळी पडली असतील तर आधी मिश्रण तपासा

ताई, आधी एक विनंती: पाणी कमी करू नका. तुम्ही लिहिलंय की फुलं सरल्यावर फॅलेनॉप्सिस नव्या कुंडीत लावलं, बाजारातलं तयार ऑर्किड मिक्स (मातीऐवजी कुंडीत भरायचं मिश्रण) वापरलं आणि तीन आठवड्यांत पानं लुळी पडून मुळांची टोकं काळी झाली. विक्रेता म्हणतो पाणी जास्त होतंय, आठवडाभर घालूच नका. हे वाचून राहवलं नाही, कारण हेच उत्तर मलाही मिळालं होतं आणि त्यापायी माझी चांगली पोसलेली झाडं गेली.

तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. मुळाचं टोक काळं, कोरडं आणि आक्रसलेलं आहे, पण त्याच्या मागे नखभर अंतरावर मूळ पांढरं आणि भरीव दिसतंय. काळं कुठे संपतं ती रेघ स्पष्ट आहे. पाणी जास्त होऊन कुजलेलं मूळ असं दिसत नाही. ते लांबच्या लांब तपकिरी आणि बुळबुळीत होतं, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात येतं आणि आत नुसता बारीक दोरा उरतो. तुमच्याकडे तसं काही नसेल, तर मुळं कुजलेली नाहीत, क्षारांनी जळलेली आहेत. फोटोवरून बोलतेय, तेव्हा एकदा चिमटीत धरून खात्री करा.

हे क्षार बहुतेक वेळा येतात मिश्रणातल्या नारळाच्या सोडणांमधून. सोडणात पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच भरपूर असतं. किनाऱ्याकडे ती मचूळ पाण्यात भिजत ठेवलेली असली तर वर सोडियमही येतं. धुतलेली सोडणं उत्तम माध्यम आहे, मी स्वतः वापरते. पण बरेच जण न धुताच तुकडे करून पिशव्या भरतात. मिश्रण ओलं आहे तोवर झाड कसंबसं निभावतं. ते वाळू लागलं की पाणी उडून जातं, क्षार मात्र तिथेच राहतात. उरलेला ओलावा इतका खारा होतो की मुळाला त्यातून पाणी ओढताच येत नाही. म्हणून कुंडी ओली असून पानं लुळी. अशा झाडाचं पाणी तोडायला सांगणं म्हणजे खारटपणा आणखी वाढवायला सांगणं.

मी ज्यांच्याकडून पिशवी घेतली होती त्यांना फोन केला, दुकानातही गेले. माझा प्रश्न एकच होता: सोडणं धुतलेली आहेत का? त्याला उत्तर नाही. ऑर्किड नाजूकच असतात, पाणी जपून घाला, हे बुरशीनाशक घेऊन जा. पिशवीवर घटक छापलेले नाहीत, तारीख नाही. घरी येऊन त्याच पिशवीतले मूठभर तुकडे रात्रभर भिजवले आणि टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवला. आमच्या नळाचं पाणी शंभरच्या आत असतं, हे हजाराच्या वर गेलं. आकड्याचा फोटो पाठवला, त्यावर काहीच आलं नाही. मला याचा आजही राग आहे. माल खराब निघू शकतो, पण झाड मरतंय हे सांगूनही समोरचा बघायलाच तयार नसेल तर ग्राहकाने जायचं कुठे? नवीन माणूस शेवटी स्वतःलाच दोष देतो आणि ऑर्किड सोडून देतो. तुम्ही तसं करू नका.

आता उपाय. लगेच पुन्हा रिपॉट केलं तर झाडाला धक्का बसेल असं इथे कोणीतरी सांगेल. एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण माध्यमच खारं असेल तर झाड त्यात ठेवणं हाच मोठा धक्का आहे. काढा. कुंडी आधी अर्धा तास पाण्यात बुडवा, म्हणजे चिकटलेली मुळं न तुटता सुटतील. बुंध्याशी मॉसचा (मुळांभोवती भरलेल्या शेवाळाचा) गच्च गोळा राहिला असेल तर तोही बोटांनी हलकेच मोकळा करा, बाहेरून झाड कोरडं दिसतं तेव्हाही तो आत ओला राहतो. काळी टोकं कापू नका. मागचा भाग जिवंत असेल तर तिथूनच फांदी फुटते. कापायचं ते फक्त मऊ पडलेलं, आणि ब्लेड आधी ज्योतीवर धरून, कारण ऑर्किडचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर हत्यारांनीही जातात. दालचिनीची पूड कापलेल्या तोंडापुरतीच लावा. सगळीकडे भुरभुरली तर ती चांगली मुळंही सुकवते.

तुमच्या ठाण्याच्या दमट हवेत मी लोणारी कोळसा, भिजवून घेतलेले विटांचे तुकडे आणि थोडी पाइनची साल एवढंच घेईन. सोडणं वापरायचीच असतील तर दिवसभर भिजवा, पाणी फेका, पुन्हा भिजवा, मीटरचा आकडा नळाच्या पाण्याजवळ येईपर्यंत. पाण्याच्या रंगावर जाऊ नका, तो टॅनिनचा असतो, क्षार रंगावरून कळत नाहीत. शेवटचं भिजवणं पाच लिटरला लहान चमचाभर कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर करा आणि मग खळाळून धुवा. सोडणांना चिकटून बसलेलं सोडियम आणि पोटॅशियम नुसत्या पाण्याने पुरतं निघत नाही, कॅल्शियम त्यांची जागा घेतं.

झाड कुंडीत हलता कामा नये. हललं की मुळाचं नवं टोक घासून मोडतं. काडी लावून बांधा. पाणी मुळांवर घाला, पानांच्या मधल्या खोबणीत साचू देऊ नका. फार कापाकापी झाली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं पाणी चालेल. खत मात्र नवं मूळ दिसेपर्यंत नको.

मी कृषितज्ज्ञ नाही, पुण्यातल्या बाल्कनीतला अनुभव सांगतेय. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मिश्रणाच्या आधी तेच मोजा, दोष तिथेही असू शकतो. पावसाळ्यात पावसाचं पाणी भरून ठेवलंत तर फारच चांगलं. आणि डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किडही आहे म्हणालात, त्याला आत्ता हात लावू नका. नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांचे हिरवे ठिपके दिसले की मगच हलवा.

लुळी झालेली जुनी पानं कदाचित परत ताठ होणार नाहीत, त्यावरून अंदाज बांधू नका. पुढचा फोटो टाकाल तेव्हा पानांचा नको, मुळांच्या टोकांचा जवळून घ्या, आणि पाण्याचा टीडीएसही लिहा.