काच आवडते की दागिना?

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन विषय राहिलेत, त्यातला एक स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. वर्षभर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅसच्या टॉर्चवर, म्हणजे ज्योतीवर काच वितळवून, काचेचे मणी करतो. धाकटी बहीण ते ओवते. दिवाळीत सोसायटीच्या स्टॉलवर ४२ पेंडंट विकली, ४,२०० रुपये आले, तेव्हापासून ‘कॉलेज सोडून हाच धंदा करतो’ म्हणतो. निम्मे मणी तडकतात. ते डब्यात साठवतो आणि वहीत काहीबाही लिहीत बसतो. दोन पानांचे फोटो जोडले आहेत. मुलगा असून मणी करतो म्हणून नातेवाईक हसतात, ते वेगळंच. टॉर्च कुलपात ठेवू का? मी भोसरीत हीट ट्रीटमेंटला (पोलाद भट्टीत तापवून-निववून घेण्याच्या कामाला) आहे, मला यातलं काही कळत नाही.
– एक वडील, धायरी

उत्तर : टॉर्च कुलपात ठेवू नका. कॉलेजही सोडू देऊ नका. या दोन्ही गोष्टी एकाच घरात कशा नांदतील, त्याबद्दल बाकीचं पत्र.

नातेवाइकांचं आधी उरकतो. आपल्याकडे मंगळसूत्र गाठून देणारे पटवेकरी पुरुष, बांगड्या भरणारे कासारही बहुतेक पुरुषच. हसणाऱ्यांच्या घरातली काळी पोतही काचेचीच असते. त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

आता ती दोन पानं. ‘काहीबाही’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मीही आधी वरवरच पाहिली आणि मग परत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मणी क्रमांक ६३ : निळ्या काचेची काडी, वर बाटलीच्या हिरव्या काचेचा ठिपका, तिसऱ्या रात्री तडा, ठिपक्याच्या कडेकडेने गोल. मणी क्रमांक ७१ : नुसती निळी काडी, व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या चुऱ्यात) पुरून थंड केला, सकाळी तडा, भोकाला आडवा, सरळ. पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पुढच्या आठ-दहा मण्यांचंही असंच.

प्रयोगशाळेत काचेची उपकरणं घडवणारे माझे एक जुने परिचित आहेत. त्यांना हे फोटो दाखवले. ते म्हणाले, दोन वेगळे आजार आहेत आणि पोराने ते वेगळे ओळखलेत, फक्त नावं माहीत नाहीत. मणी कामाच्या मऊ काचेच्या काड्यांवर बहुतेक १०४ हा आकडा असतो. म्हणजे तापमान एक अंशाने वाढलं की लांबी एक कोटी भागांत १०४ भागांनी वाढते. बाटलीची काच साधारण ९०च्या आसपास. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट तर ३३. दोन काचा एकत्र वितळतात छान, पण थंड होताना एक जास्त आक्रसते, दुसरी कमी, आणि सांध्यावर ओढाताण राहते. ६३ नंबरचा मणी त्याने गेला. ७१ नंबरमध्ये काच एकच होती, पण ती भराभर थंड झाली. बाहेरचा थर आधी घट्ट झाला, आतला नंतर आक्रसायला गेला तर जागाच नाही. तो ताण काचेत अडकून बसतो आणि तीन दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, गळ्यातल्या गळ्यात बाहेर पडतो. या अडकलेल्या ताणावर उपाय एकच : मणी छोट्या भट्टीत पाचशेच्या थोडं वर, ५१० अंशांच्या आसपास काही वेळ धरायचा आणि मग हळूहळू उतरवायचा. व्हर्मिक्युलाइटने मणी सावकाश निवतो, पण ताण पुरता जात नाही.

साहेब, याला काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायचं? अ‍ॅनिलिंग. तुम्ही आयुष्यभर भोसरीत तेच केलंत, पोलादावर. आणि तुमचा मुलगा ज्या विषयात नापास झालाय त्यात तापमानाने येणाऱ्या ताणाचं अख्खं प्रकरण आहे. पेपरात तो सळईचं गणित सोडवत नाही, गच्चीवर मात्र तेच गणित सत्तर-ऐंशी वेळा करून बसलाय. एखाद्या रविवारी शेडमध्ये त्याच्याशेजारी बसा आणि तुमच्या भट्टीचा आलेख त्याला काढून दाखवा : किती वेळात चढवायचं, किती धरायचं, किती वेळात उतरवायचं. मला यातलं कळत नाही, हे वाक्य मात्र त्याच्यासमोर म्हणू नका. खरं नाही ते.

मी त्याला एकच प्रश्न विचारणार आहे : तुला काच आवडते की दागिना? हे दोन निराळे रस्ते आहेत आणि पालक ते हमखास एकत्र करतात. ओवायचं काम बहिणीवर सोडलंय, कुठला रंग कोणत्या साडीवर जाईल याबद्दल वहीच्या दोन पानांत अवाक्षर नाही, आणि फुटलेले मणी मात्र नंबर घालून जपलेत. माझा अंदाज, तो काचेचा माणूस आहे. दागिन्यांची नजर कदाचित धाकटीला असेल. तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलंच नाहीत, बघा.

धंद्याचं म्हणाल तर ४,२०० रुपयांनी हुरळू नका. त्याला कागद द्या आणि हिशेब मांडायला लावा. वीस मिनिटांचा एक मणी धरला तर ४२ मण्यांचे १४ तास. निम्मे तडकले म्हणजे प्रत्यक्षात २८. स्टॉलचं भाडं हजार, दोरी, हुक, डब्या सातशे, काच आणि गॅस नऊशे धरले (तुमचे खरे आकडे घाला), तर उरले सोळाशे. तासाला ५७ रुपये. शिवाय स्टॉलवर उभं राहण्याचे दोन दिवस मी धरलेलेच नाहीत. रविवार पेठेत बोहरी आळीला एक चक्कर मारा. काचेचे मणी तिथे वजनावर मिळतात. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरात घरोघरी मणी होतात, बनारसच्या मण्यांना भौगोलिक मानांकन आहे. त्यांच्या भावाशी गच्चीवरून स्पर्धा होणार नाही. वेगळं, नेमकं आणि न तडकणारं केलं तरच भाव मिळतो, आणि त्याला दोन-चार वर्षं हात बसावा लागतो. तोवर छंद म्हणूनच चालू दे. महिन्याला किती गॅस आणि किती काच, ते ठरवून द्या. दर रविवारी त्यातून पैसे निघालेच पाहिजेत असं झालं, तर वहीतली प्रश्नचिन्हं आधी बंद होतील.

काचेच्या रस्त्यावर पुण्यातच एक काम आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही : सायंटिफिक ग्लासब्लोइंग, म्हणजे प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं घडवणं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना कंडेन्सर, व्हॅक्युम लाइन, वाकड्यातिकड्या सांध्यांची उपकरणं लागतात, आणि नेमकं हवं ते नेहमी तयार मिळत नाही. मग टॉर्चपाशी बसणारा माणूस लागतो. पाषाणच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मोठ्या संशोधन संस्थांत हे काम चालतं. जागा मोजक्या असतात, पण हात असलेली माणसंही मोजकीच. हे कौशल्य शेजारी बसून शिकायचं. त्याच्या मऊ काचेपेक्षा बोरोसिलिकेटला जास्त उष्णता लागते, तेव्हा लगेच जमेल असंही नाही. दुसरी वाट डिझाइनची. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) सिरॅमिक आणि ग्लास डिझाइन आहे. जयपूरच्या आयआयसीडीत (हस्तकला आणि डिझाइनची संस्था) भट्टीत भाजून होणाऱ्या वस्तूंचं आणि दागिन्यांचं, दोन्ही शिकवतात. वयाची अट आणि डिप्लोमा चालतो का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच अर्ज करा. तिसरी, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग आणि पुढे मटेरियल्स, म्हणजे धातू, काच अशा पदार्थांचं शास्त्र. तिन्ही वाटांना हातात डिप्लोमा लागेलच किंवा निदान उपयोगी पडेल. कॉलेज सोडू नये असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी, संस्कारबिंस्कारासाठी नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बापलेकांनी झेलम एक्स्प्रेसने आग्र्याला जा, तिथून फिरोजाबाद जवळ आहे. बांगड्यांच्या भट्ट्या, आणि सरकारचं काच उद्योग विकास केंद्रही तिथेच. चार दिवसांत त्याला स्वतःच्या आवडीबद्दल जे कळेल, ते माझ्या दहा बैठकांत कळणार नाही.

आता शेडचं, आणि यात सूट नाही. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर वर नेत असेल तर आजपासून बंद. तो घरगुती वापराचा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून शेडला खालूनही वारा हवा, नुसती वरची खिडकी पुरत नाही. पुढेमागे ऑक्सिजन आणलाच तर त्याच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही. हे तुम्हाला कंपनीतून माहीत असणारच. काच तापली की डोळ्यांसमोर भगभगीत पिवळा उजेड येतो, तो काचेतल्या सोडियमचा. त्यासाठी डिडिमियमचा चष्मा मिळतो, गॉगल चालत नाही. अंगात सुती कपडे. मणी सळईला चिकटू नये म्हणून तिला पांढरी माती लावतात, मणी निघाल्यावर ती भोकात राहते. ती कोरडी खरवडायची नाही, पाण्यात धरून घासायची, तिची धूळ फुप्फुसात जाते. धाकटी ओवायला बसते ना, तिलाही हे सांगा.

भट्टी लगेच घेऊन देऊ नका. दोन्ही राहिलेले विषय सुटले की घ्या, आणि निम्मे पैसे त्याच्या स्टॉलच्या कमाईतून. टेंपरेचर कंट्रोलर कुठला बसवायचा, ते तुम्ही ठरवा.

एखाद्या शनिवारी चारनंतर दोघं या. वही आणा, तडकलेल्या मण्यांचा डबा आणा. चांगले मणी राहिले तरी चालतील. गाडी आणू नका, आमच्या पेठेत लावायला जागा मिळत नाही.