बालसंसर्गरोगात यायचंय? आधी एवढं करा

बालरोगाचं शिक्षण संपवून तुम्ही या शाखेकडे, म्हणजे मुलांच्या संसर्गजन्य आजारांकडे वळताय, हे तुम्ही कळवलेलं वाचून मनापासून आनंद झाला. इथे माणसं हवीच आहेत.

पहिली चूक बहुतेकांची एकच: दुर्मिळ जंतूंच्या मागे लागणं. आधी साधा ताप नीट शिका. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर बाळ कितीही छान दिसो, तपासण्या लगेच. मोठ्या मुलात लसीकरण, प्रवास, घरातले आजारी आणि पाळीव प्राणी विचारल्याशिवाय उठू नका.

मग या सवयी लावा:

- अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), तेही पुरेशा रक्ताचं. लहान मुलांत रक्त कमी घेतलं जातं आणि निगेटिव्ह रिपोर्टवर भलताच विश्वास बसतो. मूल अत्यवस्थ असेल तर मात्र कल्चरसाठी औषध अडवू नका.
- मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये स्वतः जा. फोनवर कळत नाही ते तिथे कळतं.
- अँटिबायोटिक सुरू करताना ते कधी थांबवायचं हेही लिहा. थांबवायला धीर लागतो, तो येतो.

संशोधनाचा प्रश्न वॉर्डातूनच उचला, लहानसा. माहिती गोळा करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाला भेटा. नंतर भेटून फारसं काही वाचवता येत नाही. जीनोम सिक्वेन्सिंग (जंतूंचा जनुकीय आराखडा वाचणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा.

काम दिसायला हळू वाटेल. पण हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) या जिवाणूवरच्या लसीनं लहान मुलांमधला एक भयंकर मेंदूज्वर जिथे ती नियमित दिली जाते तिथे जवळजवळ संपवलाय. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी जरूर बोला.