आतडं कापून क्रोन्स संपत नाही, आणि डोळ्याकडे लक्ष ठेवा

मनीषनगरच्या ताई, भावाचं वाचलं. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार), नडगीवर लाल दुखऱ्या गाठी, गुडघा सुजलेला, आणि सर्जननी लहान आतड्याचा शेवटचा अरुंद भाग काढायला सांगितलाय. ऑपरेशन झालं की सगळं एकदाचं सुटेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही सुटत. मी डॉक्टर नाही, जुना पेशंट आहे, माझाही तोच भाग काढलाय. ऑपरेशनने तुंबा जातो, पोट फुगणं-उलट्या थांबतात, आणि औषधाने न हटणाऱ्या अरुंद भागाला ते लागतंच. त्याला उगाच घाबरू नका. पण रोग बहुतेक वेळा आतडं जिथे जोडलं त्या जागेजवळच परत डोकं वर काढतो, म्हणून ६ ते १२ महिन्यांत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) करून घ्यायचीच, पोट कितीही छान वाटो. सिगारेट ओढत असेल तर आधी ती बंद. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

गुडघा आणि नडगीच्या गाठी साधारणपणे आतड्याच्या मागे मागे चालतात, ते शांत झालं की त्याही उतरतात. क्रोन्समुळे कंबर आणि डोळाही सुजू शकतो, पण ते मात्र स्वतःच्या मर्जीचे, आतडं शांत असलं तरी बिघडतात.

माझा डोळा बिघडला तेव्हा पोट ठणठणीत होतं. पावसाळा, गावभर डोळे आलेले. घराजवळच्या एका दवाखान्यात टॉर्च मारून सांगितलं, "साथच आहे", आणि अँटिबायोटिक थेंब दिले. क्रोन्स आहे म्हटलं, तर "पोटाचं पोटाच्या डॉक्टरला सांगा." अरे बाप्पा! चिपडं नव्हती, खाज नव्हती. आतून ठणका होता, ट्यूबलाइटकडे बघवत नव्हतं, पेपरची अक्षरं धुकट दिसत होती. पुन्हा गेलो तर थेंबाची बाटली बदलून दिली. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बारकाईने दाखवणारं यंत्र) हनुवटी ठेवायला कुणी सांगितलंच नाही. शेवटी माझ्या पोटाच्या (गॅस्ट्रो) डॉक्टरांनी फोनवर ऐकूनच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, निघाला. तोवर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटली होती. स्टिरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून सूज गेली, पण बाहुली आजही एका बाजूने वाकडी आहे आणि उन्हात त्या डोळ्याला त्रास होतो.

म्हणून डोळा लाल, दुखतोय आणि उजेड सोसत नाही असं झालं की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, आणि फाइल सोबत. "साथ आहे" म्हटलं तरी स्लिट लॅम्पचा आग्रह धरा. लोक भांडकुदळ म्हणतील, म्हणू द्या.

गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून मनाने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ देऊ नका, त्याने आतडं भडकू शकतं. काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. बी-१२ त्या शेवटच्या भागातच शोषलं जातं. किती सेंटिमीटर काढलं ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि रक्तात बी-१२ तपासत राहा. नंतर जुलाब झाले तर लगेच रोग परतला असं धरू नका, पित्तामुळेही होतात, त्याची औषधं वेगळी.

पुढे अडालिमुमॅबचं (क्रोन्सची सूज दाबणारं औषध) इंजेक्शन सुरू झालं, तर आधी टीबीची तपासणी होईल, तिला कंटाळू नका. मे महिन्यात ते दुकानातून आणताना आइसपॅक घातलेला डबा न्या, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गोठू द्यायचं नाही, म्हणून बर्फाला थेट टेकवू नका. गाडीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवू नका, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.